डाव्या चाकाचे आटे

मराठीच्या प्राध्यापकाने फार तर एखादी जुनी पोथी विकत घ्यावी. वाळवीने अर्धी खाल्लेली, पहिली चार आणि शेवटची दोन पाने नसलेली पोथी त्याने घरी आणली, तर शेजारीपाजारी समजूतदारपणे मान डोलावतात आणि बायको कपाटातला एक कप्पा रिकामा करून देते. पण त्याच प्राध्यापकाने गंजाने अर्धी खाल्लेली, एक दिवा आणि मागचा बंपर नसलेली जीपगाडी टेम्पोवर घालून दारात आणली, म्हणजे मात्र लोक त्याच्याविषयी हलक्या आवाजात बोलू लागतात. गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी साताऱ्यातल्या आमच्या घरापुढे असा टेम्पो येऊन उभा राहिला. ही बाहेर आली. टेम्पोभोवती तिने एक प्रदक्षिणा घातली आणि शांतपणे विचारले, “सगळी आली आहे, की अजून एक खेप व्हायची आहे?”

आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली केला, गाडीकडे पाहिले आणि पेपर पुन्हा वर केला. या पेपर वर-खाली होण्याविषयी मला पुढे बरेच सांगायचे आहे. पण आधी गाडीविषयी.

माझ्यासारख्या माणसाला हे सुचले कसे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. वय शेहेचाळीस, डोळ्यांना जाड चष्मा, आणि आयुष्यात हातोडी धरली असेल ती पंचांगाचा खिळा ठोकण्यापुरती. खरे कारण असे की, आमच्या महाविद्यालयातल्या एका तरुण सहकाऱ्याने नवी थार घेतली. तो दर रविवारी कासकडे, महाबळेश्वराकडे भटकून येई आणि सोमवारी स्टाफरूममध्ये चिखल, चढ आणि ‘फोर बाय फोर’ यांच्या गोष्टी सांगे. मी आपला उत्तरपत्रिका तपासत ऐके. नवी थार घ्यायची म्हणजे दहा लाखांच्या आसपास नुसती सुरुवात. माझ्याजवळ सातव्या वेतन आयोगाच्या फरकाची थोडी रक्कम पडून होती. मग मनात आले, थार नसेल, पण थारची आजी तर परवडेल? फलटणजवळच्या एका शेतकऱ्याकडे १९७२ सालची महिंद्राची जीप तीन वर्षे शेडमध्ये उभी असल्याचे कळले. एक लाख चाळीस हजारांना सौदा झाला. शनिवार-रविवार थोडे थोडे काम करायचे, वर्षभरात गाडी उभी करायची, असा बेत ठरला. बेत मी एकट्यानेच ठरवला होता, हे सांगायला नकोच.

गाडी घेतल्यावर मी जे पहिले काम केले ते माझ्या धंद्याला शोभेसे होते. मी ‘जीप’ या शब्दाची व्युत्पत्ती शोधत बसलो. ‘जनरल पर्पज’ या शब्दांची आद्याक्षरे इंग्रजीत जोडून ‘जीप’ झाले, असे जो तो सांगतो. पण १९३६ साली पॉपायच्या चित्रकथेत ‘युजीन द जीप’ नावाचा, कुठेही शिरू शकणारा एक अद्भुत प्राणी अवतरला होता, आणि लष्करातल्या पोरांनी त्याचे नाव गाडीला दिले, असेही मानणारे आहेत. माझा कल अर्थातच दुसऱ्या पक्षाकडे आहे. मराठीने मात्र या वादात न पडता तिला सरळ स्त्रीलिंगी करून टाकले. ट्रक तो, ट्रॅक्टर तो, पण जीप ती. लिंगव्यवस्थेतले हे गूढ मी वर्गात पंचवीस वर्षे शिकवतो आहे, पण त्याचे कारण विचाराल तर मलाही सांगता यायचे नाही.

तिचे कुळ मात्र मोठे आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीस आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी या गाड्या लाखांनी बनवल्या. आपल्याकडे १९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम महंमद यांनी ‘महिंद्र अँड महंमद’ नावाची पेढी काढली, ती पोलादाच्या व्यापारासाठी. फाळणी झाली, गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथे आधी अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. आणि १९४८ साली पेढीच्या नावात एका महिंद्राच्या जागी दोन महिंद्र आले. मुंबईत माझगावला विलीसचे सुटे भाग जोडून जीपगाड्या निघू लागल्या. माझी गाडी ‘सीजे थ्री बी’ जातीची. सीजे म्हणजे सिव्हिलियन जीप, मुलकी जीप. युद्धातल्या जीपपेक्षा हिचे कपाळ उंच दिसते, कारण इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह डोक्यावर नेले, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली, आणि ते मावावे म्हणून बॉनेट उचलावे लागले. अमेरिकेत ही जात १९६८ साली बंद पडली. आपल्याकडे तिचा वंश पुढेही पुष्कळ वर्षे चालू राहिला. कलेक्टर, तहसीलदार, गटविकास अधिकारी, पाटबंधाऱ्याचे इंजिनियर, निवडणुकीचा कर्णा, लग्नाची वरात, सगळे हिच्यातूनच हिंडले. स्टिअरिंग डाव्या बाजूला, आणि तशी पाटी पाठीवर रंगवलेली. मागून येणाऱ्याने समजून असावे, एवढाच तिचा अर्थ.

कुणा वाचकाला माझ्या मार्गाने जायचेच असेल तर एकच सांगतो: आधी कागद पाहा, मग गाडी. मी उलटे केले, पण नशिबाने निभावले. चासीवर ठोकलेला नंबर पुस्तकातल्या नंबराशी जुळतो का, हे स्वतः काचकागदाने घासून पाहावे. कित्येक जीपगाड्यांत पेट्रोलचे इंजिन उतरवून डिझेलचे बसवलेले असते, आणि पुस्तक बिचारे अजून पेट्रोलच सांगत असते. असा फरक नोंदवलेला नसेल तर पुढे आर.टी.ओ.च्या दारात चपला झिजवाव्या लागतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. २०२१ साली ५० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ अशी वेगळी नोंदणीही निघाली; पण त्या नंबराची गाडी प्रदर्शनाला आणि रॅलीला न्यावी, रोजच्या रस्त्यावर आणू नये, असा नियम आहे. मला गाडी मिरवायची नव्हती, चालवायची होती. शेतकऱ्याने गाडी बंद पडण्याच्या आदल्याच वर्षी साधी नोंदणी नवी करून ठेवली होती. त्यावरच मी समाधान मानले.

गाडी मात्र मी पाहिली नव्हती. म्हणजे पाहिली होती. पण कविता पाहावी तशी. दुसऱ्या आठवड्यात मिस्त्री आले, खाली शिरले, आणि खालूनच त्यांचे हसणे ऐकू येऊ लागले. “सर, पुढची शाफ्ट कुठाय?”

जीपला मोठ्या गिअरच्या शेजारी दोन लहान दांडे असतात. एकाने पुढच्या चाकांना जोर जोडायचा, दुसऱ्याने जोर वाढवून वेग कमी करायचा. हे दोन्ही दांडे माझ्या गाडीत होते. पण पुढच्या चाकांपर्यंत जोर पोचवणारी शाफ्टच काढून टाकलेली होती. ‘पेट्रोल वाचते’ म्हणून आपल्याकडे ती सर्रास काढत असत. माझी ‘फोर बाय फोर’ मुळात ‘टू बाय फोर’ होती. मी तडक फलटण गाठले. मालक गोठ्यात होते. ते म्हणाले, “हाय की शाफ्ट, कुठं गेलीया?” आणि त्यांनी बोट दाखवले. शाफ्ट जमिनीत अर्धी पुरलेली होती आणि तिला एक शेळी बांधलेली होती.

“अहो, पण सांगितलं का नाहीत?”

“तुमी इचारलंच न्हाई. मला वाटलं, नको असंल.”

त्यांनी शेळी सोडली, शाफ्ट उपटली, माती झटकून माझ्या हातात दिली. पैसे घेतले नाहीत. शेळी मात्र मी निघेपर्यंत माझ्याकडे रोखून पाहत होती.

मग रविवार सुरू झाले. कार्बोरेटर खोलून रॉकेलमध्ये धुतला. वायरिंग नवी ओढली. ब्रेकची रबरे बदलली. या गाडीत पेट्रोलची टाकी चालवणाऱ्याच्या बैठकीखालीच असते, हे कळल्यावर हिने मिस्त्रींची बिडी अंगणाच्या फाटकाबाहेर हद्दपार केली. आणि या सगळ्या वेळात आबा ओट्यावर पेपर वाचत असत. एवढा वेळ वाचण्यासारखे त्या पेपरात काही नसते हे मला ठाऊक होते. पाना हातातून सटकला, की पेपर जरासा खाली येई. मी चुकीच्या बाजूने हातोडी मारली, की पेपरमागून एक लहानसा खोकला येई. बाकी काही नाही.

सातव्या की आठव्या रविवारची गोष्ट. मिस्त्री आले नव्हते. आदल्या रविवारी उजवीकडचे पुढचे चाक मी एकट्याने काढले होते, त्यामुळे अंगात बळ आले होते. आज डावीकडचे. पाना लावला, जोर केला. नट हलेना. गंज असेल म्हणून तेल सोडले, चहा घेऊन आलो, पुन्हा जोर केला. हलेना. मग पान्यावर उभा राहिलो. मग पान्याच्या दांड्यात नळाचा लांब पाइप अडकवून त्यावर सगळा भार टाकला. कट्‌ असा आवाज झाला आणि मी अंगणात पालथा पडलो. नट सुटला नव्हता; आतला स्टडच तुटला होता. जुन्या पोलादाला शिव्या देत मी दुसरा घेतला. दुसराही कट्‌ झाला. तिसऱ्याला पाना लावला, तेव्हा ओट्यावरून आवाज आला,

“उलटं फिरीव.”

मी वर पाहिले. पेपर घडी घालून मांडीवर ठेवलेला होता.

“डाव्या अंगाच्या चाकाचं आटं उलटं असत्यात.”

मी पाना उलट फिरवला. नट लोण्यातून सुरी जावी तसा निघाला. चाक पुढे फिरताना नटही आपोआप सैल होऊ पाहतो. गाडीच्या डाव्या बाजूला ती दिशा साध्या आट्याच्या नटाला सोडवणारी पडते, म्हणून त्या बाजूचे आटे उलटे पाडलेले असतात. सायकलच्या डाव्या पेडलचेही आटे असेच उलटे असतात, आणि सायकलच्या दुकानातल्या पोऱ्यालाही हे माहीत असते. मी पंधरा वर्षे सायकलने कॉलेजला गेलो होतो.

“आबा, अहो, दोन स्टड तुटेपर्यंत गप्प का बसलात?”

“तू इचारलं न्हाईस,” आबा म्हणाले, आणि पाणी प्यायला आत गेले.

आता वाचकांपासून जे दडवून ठेवले होते ते सांगितले पाहिजे. आबा ड्रायव्हर होते. १९७२ पासून निवृत्त होईपर्यंत त्यांनी माण तालुक्यात, दहिवडीला, सरकारी जीप चालवली. हे मी वर इतक्या सविस्तर सांगितलेल्या गाडीपुराणात कुठेही आले नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. ते लिहिण्याच्या ओघात राहून गेलेले नाही. मी ते आयुष्यभरच असे राहू देत आलो आहे. कॉलेजच्या अर्जावर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘शासकीय नोकरी’ असे लिहिले. मुलाखतीत तेच सांगितले. लग्न ठरवायला हिच्या घरी गेलो तेव्हा हिच्या वडिलांनी विचारले, “आपले वडील काय करतात?” आबा माझ्या शेजारीच बसले होते. मी म्हणालो, “पंचायत समितीत आहेत.” वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. आबांनी सुपारी तोंडात टाकली. हिला खरे काय ते लग्नानंतर आबांकडूनच कळले.

त्याच्याही आधीचे एक आहे. मी आठवीत होतो. शाळा सुटायच्या वेळी जीप फाटकाशी आली. साहेबांची मुलगी आमच्याच शाळेत होती, तिला घ्यायला. आबांनी उतरून तिचे दप्तर घेतले आणि मागे ठेवले. मी मित्रांबरोबर दहा पावलांवर होतो. मी वळलो आणि पाण्याच्या टाकीकडे गेलो, नळाखाली ओंजळ धरली, आणि जीपचा आवाज दूर जाईपर्यंत पाणी पीत राहिलो. आबांनी मला पाहिले होते. संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखे विचारले, “जेवलास का?”

आणि आता त्याच माणसाच्या डोळ्यांसमोर मी हौसेसाठी जीप विकत घेतली होती, आणि आठ रविवार त्यांना एक शब्दही विचारला नव्हता.

उलट्या आट्याचे स्टड साताऱ्यात मिळेनात. मिस्त्री म्हणाले, कोल्हापुरात उद्यमनगरात करून घ्या. तिथे लेथवर कातून मिळणार नाही अशी वस्तू नाही. पुढच्या शनिवारी मी निघालो. निघताना म्हणालो, “आबा, येता का?” ते दोन मिनिटांत धोतर बदलून, टोपी घालून फाटकाशी उभे होते. जणू आठ रविवार तयारीतच होते.

शिवाजी उद्यमनगरातल्या त्या गाळ्यात तीन लेथ चालले होते. मालक साठीच्या पुढचे, हाताची बोटे तेलाने काळी झालेली. त्यांनी तुटलेला स्टड चष्मा वर करून पाहिला, आटे नखाने मोजल्यासारखे चाचपले, आणि मला विचारले, “हे पाव्हणं कोण?”

“माझे वडील,” मी म्हणालो. लेथचा आवाज फार होता, म्हणून मोठ्याने म्हणावे लागले. “ड्रायव्हर होते. पस्तीस वर्षं जीप चालवली.”

त्यांनी पोराला खूण करून लोखंडी स्टूल पुढे ओढायला लावले आणि फडक्याने पुसले. ते स्टूल माझ्यासाठी नव्हते. “थ्रीबी का?” त्यांनी आबांना विचारले. “थ्रीबी,” आबा म्हणाले. मग पुढला तासभर ते दोघे जे बोलले त्यातले निम्मे मला कळले नाही. पहिला गिअर चालत्या गाडीत पडत नाही, त्याला डबल क्लच कसा मारायचा. उतारावर दुसरा गिअर उसळून बाहेर येतो तेव्हा गुडघ्याने कसा दाबून धरायचा. इंजिन गरम झाले की कुठल्या आवाजाने आधी कळते. आबा हातवारे करत होते. इतके बोलताना मी त्यांना घरात कधी पाहिले नव्हते. दोनदा चहा आला. पाच स्टड हाती आले, वर एक जादा, “डायव्हरसाहेबांसाठी.”

परत येताना आबा बराच वेळ गप्प होते. पेठ नाका मागे पडल्यावर म्हणाले,

“चौतीस.”

“काय?”

“पस्तीस न्हवं. चौतीस वर्सं.”

कऱ्हाडच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो. मला वाटले, आता विचारावे. “आबा, पहिलं वर्ष म्हणजे बहात्तरचा दुष्काळच की हो?”

“मग!” ते म्हणाले, आणि त्यांनी बशी खाली ठेवली.

माण-खटावातला तो दुष्काळ मी पुस्तकांतून वाचला आहे, वर्गात शिकवलाही आहे: खडी फोडण्याची कामे, पाझर तलाव, परदेशातून आलेला तांबडा मिलो, सुकडी. आबांना यातले काही सांगायचे नव्हते. ते रेडिएटरविषयी बोलत होते. चढाचे रस्ते, वर ऊन, साहेब आणि दोन ओव्हरसियर गाडीत. पाच-सहा मैलांत गाडी उकळे. ती कामावर पोचे तेव्हा बाया रिकाम्या घागरी ओळीने मांडून टँकरची वाट पाहत बसलेल्या असत. “त्यांच्या म्होरं बॉनेट उघडायचं, आन्‌ लोखंडाला पाणी पाजायचं? हात हुईना.” म्हणून कामाच्या अर्धा मैल अलीकडे, वळणाआड, आबा गाडी थांबवत आणि डब्यातले पाणी तिथेच रेडिएटरमध्ये ओतून घेत. साहेब चिडत. रोज इथेच कशाला थांबतोस? आबा सांगत, “लघवीला.”

“एकदा एका म्हातारीनं बघितलं,” आबा म्हणाले. “दगडावर बसली हुती. काय बोलली न्हाई. नुसती बघत हुती, पाणी कुठं जातंय त्ये.”

“मग?”

“मग काय? डबा तिला दिला. गाडी तशीच उकळत न्हेली. हेडचं गॅस्केट उडालं. माझ्या पगारातनं कापलं.”

“साहेबांना काय सांगितलंत?”

“सांगायचं काय? लॉगबुकात लिव्हलं, ‘पाणी कमी पडले.’ ” त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. “खोटं न्हवतं.”

त्यानंतर पेपर ओट्यावर घडी घातलेलाच राहू लागला. रविवारी सकाळी मला उठायला उशीर झाला तर अंगणातून पाने वाजल्याचा आवाज येई. आबांच्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, उजव्याचे राहिले आहे. पण ते डोळ्यांनी काम करतच नाहीत. बोल्ट हातात घेऊन बोटांनी त्याचे माप सांगतात. मिस्त्री त्यांना ‘आबा’ म्हणू लागले, आणि मला ‘सर, जरा बाजूला’ म्हणू लागले. रंग खरवडताना तपकिरीखाली निळा निघाला, निळ्याखाली पांढरा, आणि बॉनेटच्या बाजूला पांढऱ्यावर ‘पं. स.’ अशी दोन अक्षरे उमटली. पुढे गावाचे नाव असणार ते पत्र्याबरोबर गळून गेले होते. माझ्या छातीत धडधडू लागले. मी आबांना हाक मारली. त्यांनी अक्षरांवरून हात फिरवला, मग दार नसलेल्या बाजूने आत वाकून डॅशबोर्डच्या खाली चाचपले.

“आपली न्हवं,” ते म्हणाले. “आपल्या गाडीला हितं भोक हुतं. उदबत्तीचं.”

मला वाईट वाटले. त्यांना वाटल्याचे दिसले नाही. त्यांनी मला काचकागद परत दिला.

यंदा खंडेनवमीला गाडी स्वतःच्या पायांवर उभी राहिली. आबांनी झेंडूचा हार बांधला, चाकांखाली लिंबे ठेवली. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, वर्धनगडाच्या घाटापर्यंत जाऊन यायचे ठरले. आबांचे लायसन केव्हाच संपलेले, त्यामुळे चालवायला मी. आबांनी ऑइलची दांडी काढून पाहिली, रेडिएटरचे झाकण उघडून बोट घातले, काच पुसली आणि सवयीने डावीकडे येऊन उभे राहिले. तिथे मी बसलो होतो. मग ते पुढून वळसा घालून उजवीकडे गेले. ती साहेबांची जागा. तिथे बसायच्या आधी त्यांनी बैठक हाताने झटकली. ही आणि मुलगी मागे चढल्या.

कोरेगाव मागे पडले तशी माझी पंचाईत सुरू झाली. पुढे उसाची ट्रॉली होती, आणि डावीकडे बसलेल्याला ट्रॉलीपलीकडचा रस्ता दिसणे शक्यच नव्हते. मी तसाच रांगत राहिलो.

“डाव्या गाडीत साहेबानं बघायचं असतं,” आबा म्हणाले. “साहेब झोपला की मी कधी ओव्हरटेक केलं न्हाई.” ते बाहेर झुकले, टोपी एका हाताने धरून. “थांब… थांब… एसटी येतीया… हां. घे आता.”

मी घेतली. घाटापर्यंत अशा नऊ गाड्या आम्ही मागे टाकल्या, आणि एकदाही मी स्वतः पुढचा रस्ता पाहिला नाही. घाटाच्या पायथ्याशी आबांनी थांबायला सांगितले. गाडी उकळली नव्हती. तरी ते उतरले, बॉनेट उघडले, थोडा वेळ इंजिनाकडे पाहत उभे राहिले आणि पुन्हा लावले. वर पोचल्यावर मुलीने फोटो काढले. आबांनी त्यातल्या एकाही फोटोत गाडीला हात टेकलेला नाही. बाजूला, हात मागे बांधून उभे आहेत, गाडी दुसऱ्याची असल्यासारखे.

रात्री जेवणे झाल्यावर ते माझ्या खोलीत आले. हातात शंभर पानी वही होती, पट्टीने रकाने आखलेली. तारीख. कोठून. कोठे. मीटर. कामाचे स्वरूप. अधिकाऱ्याची सही. पहिली ओळ भरलेली होती, त्यांच्या त्या मोठ्या, एकेक अक्षर सुटे काढलेल्या हस्ताक्षरात: सातारा. वर्धनगड घाट व परत. मीटर बंद. खाजगी.

वही त्यांनी माझ्या टेबलावर, तपासायच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवले.

“हितं सही लागती.”

मी सही केली. त्यांनी वही उचलून दिव्याजवळ नेली, डाव्या डोळ्याने नीट पाहिली आणि पुन्हा माझ्यापुढे ठेवली.

“खाली तारीख घाल.”